पाच रात्री फुकट आणि राळेगणचा मांडव

मागच्या रविवारी दादाच्या ओट्यावर पुतणीच्या लग्नाची बोलणी चालली होती. पुतण्या पुण्याहून आलेला. आयटीत आहे, कंपनीच्या कामासाठी वर्षातले तीन महिने हॉटेलातच काढतो. तो म्हणाला, "काका, ताईचं लग्न पुण्यातल्या हॉटेलात करू. ३०० माणसांचे ९ लाख होतात, पण सगळ्या बिलावर पॉइंट मिळतात. ताई-दाजींना बाहेरगावी पाच रात्री फुकट निघतील." वहिनींचे डोळे चमकले. दादा माझ्याकडे बघायला लागला, कारण घरात पेपरवाला मीच. म्हटलं, आठ दिवस द्या, हे फुकट प्रकरण कुठून आलं ते बघतो.

तर हे काही कालचं नाही. १८९६ साली अमेरिकेत स्पेरी अँड हचिन्सन नावाच्या कंपनीनं हिरवी तिकिटं काढली. दुकानात सामान घेतलं की तिकिटं मिळायची. ती वहीत चिकटवायची, वही भरली की इस्त्री नाहीतर दिवा घरी. बायाबापड्या वह्या भरत बसायच्या. पैसे दुकानदार भरायचा आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, आपल्याला वर मिळालं. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सनं हीच वही विमानात नेली, तिकिटांचे मैल झाले. १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट ही हॉटेलं त्या रांगेत आली.

आता बारकाईनं बघा. हॉटेलांनी हे कोणासाठी काढलं? सुट्टीला वर्षातून एकदा जाणाऱ्या कुटुंबासाठी नाही. कंपनीच्या खर्चानं फिरणाऱ्या माणसासाठी काढलं. बिल साहेबाच्या खिशातून, पॉइंट आपल्या खात्यात. मग कुठलं हॉटेल स्वस्त हे तो माणूस कशाला बघेल?

हे कळायला अमेरिकेला जायची गरज नाही. एसटी हायवेवर जेवायला थांबते तेव्हा ड्रायव्हर-कंडक्टरची थाळी आतल्या बाजूला वेगळी लागते. पैसे कोण मागत नाही. गाडी त्याच हॉटेलावर का थांबली, हे बाहेर महाग वडा खाणाऱ्या पन्नास प्रवाशांना बरोबर कळतं. (ड्रायव्हरवर माझा राग नाही. एवढी गाडी हाकल्यावर एक जेवण काय जास्त झालं!) फक्त आपण थाळीवाले की वडेवाले, हे ओळखता आलं पाहिजे. पुतण्या कंपनीच्या कामावर असतो तेव्हा थाळीवाला. ताईच्या लग्नात तो, त्याचा बाप आणि मी, सगळे वडेवाले.

पाठलाग कधीच परवडत नाही, असंही म्हणणार नाही. १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरनं पुडिंगचे १२,१५० कप विकत घेतले, कारण त्यांच्या लेबलांवर विमानाचे मैल मिळत होते. खर्च ३,१४० डॉलर, मैल बारा लाखांच्या वर. लेबलं सोलायचं काम धर्मादाय संस्थेकडून करून घेतलं आणि पुडिंग त्यांनाच दान दिलं. त्याला परवडलं, कारण त्यानं आधी वजाबाकी केली आणि मग ट्रॉली भरली. मी स्वतः एकेकाळी एसटीचं वार्षिक सवलत कार्ड काढलं होतं. २०० रुपये भरायचे, तिकिटावर १० टक्के सूट. म्हणजे वर्षात २,००० रुपयांचा प्रवास झाला की पैसे वसूल, पुढचं सगळं फायद्यात. बातमीदाराचा प्रवास तेवढा होतोच. पण त्या कार्डापायी मी एकही जादा फेरी मारली नाही.

आणि पुतण्या? परवा बोलता बोलता कबूल झाला. मागच्या डिसेंबरात वरचं कार्ड टिकवायला तीन रात्री कमी पडत होत्या. म्हणून हा बहाद्दर स्वतःचा फ्लॅट आठ किलोमीटरवर असताना स्वतःच्या पैशानं हॉटेलात जाऊन झोपला. तीन रात्रींचे १८ हजार. बदल्यात वर्षभर सकाळचा नाष्टा मोफत! दादानं हे ऐकलं आणि तंबाखू मळायचा थांबला.

त्यात पॉइंटची किंमत ठरवणारा तोच, जो ते देतो. कुठल्या हॉटेलाला किती पॉइंट लागतील याचा मॅरियटचा तक्ता असायचा, तो मार्च २०२२ मध्ये गेला. आता भाव रोज हलता. सप्टेंबर २०२३ मध्ये ॲक्सिस बँकेनं मॅग्नस कार्डाचे पॉइंट बाहेर वळवायचा दर ५ ला ४ वरून ५ ला २ केला. साठवून ठेवलेल्यांचं एका रात्रीत निम्मं झालं. कांद्याचा भाव पडला तर निदान रस्त्यावर ओतून दाखवता तरी येतो.

आमच्या राळेगणनं १९८० मध्ये धान्य बँक काढली होती. ज्याच्याकडे जादा पिकलं त्यानं धान्य द्यायचं, अडलेल्यानं उचलायचं आणि सुगीला परत करायचं, वर थोडं व्याज, तेही धान्यातच. नियम सगळ्या गावाला पाठ. अण्णांच्या नंतरच्या राजकारणावर माझे मतभेद आहेत, ते इथं लिहिलेलेही आहेत. पण तो हिशेब उघडा होता.

लग्नाचंही तसंच. पोराबाळांची लग्नं करून माणसं सावकाराच्या दारात जायची, म्हणून सत्तरच्या दशकात गावात एकत्र लग्नं सुरू झाली. स्वयंपाक करायला आणि वाढायला तरुण मंडळ. भांडी, मांडव, लाउडस्पीकर मंडळाच्याच मालकीचे, घरटी भाड्याचा प्रश्न नाही. मांडवातली कितीतरी जोडपी आज आजी-आजोबा झालीत. त्यांना कोणी पॉइंट दिले नाहीत, कर्जही दिलं नाही.

काल आम्ही परत बसलो. कागद घेतला. पुण्यात ९ लाख. इकडे मंगल कार्यालयात ६०० माणसं धरून ४ लाख. फरक ५ लाख. फुकटच्या पाच रात्रींची किंमत पुतण्याच्याच मोबाइलवर काढली, ६० हजार. वहिनी म्हणाल्या, "पण पुण्यात शोभा दिसते हो." त्यांचं खोटं नाही. लेकीचं लग्न एकदाच, आणि हौसेसाठी ५ लाख घालायचे असतील तर तसं म्हणून घालावेत. पॉइंटचं नाव कशाला? दादानं एवढंच विचारलं, "पाच लाखाला यंदाच्या भावानं कांद्याच्या गोण्या किती रे?" पुतण्यानं आकडा काढला आणि मोठ्यानं वाचला नाही.

लग्न इकडेच ठरलं. पुतण्याच्या खात्यात कंपनीच्या फेऱ्यांचे जे पॉइंट पडलेत, त्यातून त्यानं ताई-दाजींसाठी महाबळेश्वरच्या दोन रात्री तिथल्या तिथं बुक केल्या. पाच मिनिटांनी खाली मान घालून म्हणाला, "काका, नाष्टा यात धरलेला नाही."