नागौरहून पूर्वेकडे : जगतशेठ घराण्याचे मूळपुरुष हिरानंद साह

व्यापारासाठी जन्मभूमी सोडून दूरच्या मुलुखात वस्ती करणे, ही जैन समाजाच्या इतिहासातील जुनी परंपरा आहे. महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), नाशिक, खानदेश, पुणे इत्यादी भागांत मारवाडातून आलेली ओसवाल कुटुंबे कित्येक पिढ्यांपासून स्थायिक आहेत. मूळपुरुष केवळ लोटा आणि दोरी घेऊन आला, असे यांतील बहुतेक घरांत सांगितले जाते. या एका वाक्यात पूर्वजाचे सारे आयुष्य संपते. तो का निघाला, कोणाच्या आधाराने राहिला, त्याने काय सोसले, हे पुढील पिढीपर्यंत पोहोचत नाही. अशा विस्मृत पूर्वजाचा माग कसा काढता येतो, याचे बोधप्रद उदाहरण म्हणजे बंगालच्या सुप्रसिद्ध जगतशेठ घराण्याचे मूळपुरुष हिरानंद साह होत.

हिरानंद हे मारवाडातील नागौरचे श्वेतांबर जैन. ओसवाल समाजातील गेलडा हे त्यांचे गोत्र. १६५२ मध्ये, शहाजहानच्या कारकिर्दीत, ते नागौर सोडून पाटण्यास आले, असा घराण्याचा वृत्तांत आहे. नागौर ते पाटणा हे अंतर हजार किलोमीटरहून अधिक भरते. वाळवंटाच्या कडेचा माणूस गंगेच्या पुराच्या प्रदेशात आला. भाषा, अन्न, हवामान, सारेच निराळे. पाटण्याच्या पलीकडे बंगालचा सुभा होता. नद्यांचे प्रवाह बदलत, जंगले तोडून नवी शेती होत असे आणि मोगल सत्तेची पूर्व सरहद्द तिथेच संपत असे.

त्यांच्या भाग्योदयाविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. निराश मनाने हिरानंद पाटण्याबाहेरच्या रानात भटकत असता त्यांना कण्हण्याचा आवाज ऐकू आला. एका पडक्या घरात मरणासन्न वृद्ध होता. हिरानंदांनी त्याची शुश्रूषा केली आणि मृत्यूनंतर अंत्यसंस्कार केले. वृद्धाने जाण्यापूर्वी पुरलेल्या धनाची जागा त्यांना दाखविली होती. जे. एच. लिटल या अभ्यासकाने १९२०-२१ मध्ये कलकत्त्याच्या एका इतिहासविषयक नियतकालिकात या घराण्याचा इतिहास लिहिला, तेव्हा ही कथाही नोंदविली. करुणेचे फळ मिळते, हा तिचा आशय जैन मनाला भावणारा आहे. तथापि पेढीचा उत्कर्ष समजून घेण्यासाठी पाटण्याच्या बाजारपेठेकडेच पाहावे लागते.

त्या काळी बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा हे पाटण्याचे मोठे उत्पन्न होते. डच आणि इंग्रज कंपन्यांच्या वखारी त्यासाठीच तिथे आल्या. रेशमी व सुती कापड आणि अफू यांचाही व्यापार मोठा होता. माल घेण्यासाठी रोख रक्कम लागे, निरनिराळी नाणी पारखून बदलून द्यावी लागत आणि दूरच्या शहरी पैसा पाठवायचा तर हुंडी हवी. हुंडी चालते ती विश्वासावर. आग्र्याच्या आडत्याने पाटण्याच्या सराफाची सही मानली, तरच कागदाला किंमत. नातेगोते आणि धर्मबंधुत्व यांनी बांधलेल्या समाजाला हा विश्वास पुरविणे शक्य झाले.

हा मार्ग तोवर अगदीच अनोळखी नव्हता. आग्र्याचे श्रेष्ठ जैन कवी बनारसीदास यांनी १६४१ मध्ये लिहिलेल्या ‘अर्धकथानक’ या आत्मचरित्रात जौनपूर, पाटणा, आग्रा या पट्ट्यातील जैन व्यापाऱ्यांचे जीवन येते. जौनपूरच्या अधिकाऱ्याने जवाहिऱ्यांना कैद करून फटके मारले आणि बनारसीदासांच्या वडिलांना कुटुंबासह पळावे लागले, ही १५९८ च्या सुमाराची हकिकत त्यात आहे. १६०५ मध्ये अकबराच्या निधनाची बातमी येताच दुकाने बंद झाली, लोकांनी दागिने जमिनीत पुरले. हिरानंद निघाले तेव्हा पूर्वेकडील व्यापारात लाभ होता, तसा हा धोकाही होताच.

याच ग्रंथात संशोधकाची दिशाभूल करू शकेल असा एक उल्लेख आहे. विक्रम संवत १६६१ मध्ये, म्हणजे १६०४ च्या सुमारास, शाहजादा सलीमचे जवाहिरे हिरानंद मुकीम यांनी सम्मेदशिखरजीचा संघ काढला, अशी नोंद त्यात सापडते. नाव एक, धर्म एक, ओसवाल समाजही एकच. त्यामुळे नागौरचे हिरानंद ते हेच, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नागौरचे हिरानंद पाटण्यास आले ते त्यानंतर सुमारे ४८ वर्षांनी आणि त्यांचे निधन १७११ मध्ये झाल्याचे घराण्याचा वृत्तांत सांगतो. दोघे भिन्न पुरुष होत. नामसाम्यावरून दुसऱ्याचे पुण्य आपल्या पूर्वजाच्या नावे मांडणे म्हणजे दोघांवरही अन्यायच.

हिरानंदांना सात पुत्र होते आणि ते निरनिराळ्या शहरी व्यापारासाठी गेले, असे परंपरा सांगते. त्यांपैकी माणिकचंद ढाक्याला गेले. दिवाण मुर्शिद कुली खान यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी आपले ठाणे ढाक्याहून भागीरथीकाठी हलविले, तेव्हा तेही त्यांच्याबरोबर आले. हेच पुढे मुर्शिदाबाद झाले. माणिकचंदांचे भाचे आणि दत्तकपुत्र फतेहचंद यांना १७२३ मध्ये बादशहा मुहम्मदशहाने ‘जगतशेठ’ हा किताब दिला. बंगालचा वसूल दिल्लीला पोहोचविणारी पेढी हीच होती.

या वैभवाचा एक धागा मराठी इतिहासाशीही जुळतो. १७४२ च्या मे महिन्यात भास्करराम कोल्हटकर नागपूरकर भोसल्यांची फौज घेऊन बंगालमध्ये असता, मीर हबीबच्या तुकडीने मुर्शिदाबादवर छापा घालून जगतशेठांची पेढी लुटली. पेढी त्यातूनही सावरली. पण १७५७ च्या प्लासीच्या कारस्थानात घराण्याने भाग घेतला आणि १७६३ मध्ये महताबराय व स्वरूपचंद यांना नवाब मीर कासिमने ठार मारविले. कंपनीच्या राजवटीत पेढी ओसरत गेली.

मागे काय उरले? महताबरायांचे पुत्र जगतशेठ खुशालचंद यांनी शिखरजीवर मंदिरांचा जीर्णोद्धार केला. हिरानंद ज्या प्रदेशात परके म्हणून आले, तो वास्तविक तीर्थंकरांचाच प्रदेश होता. वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी सम्मेदशिखर आणि भगवान महावीरांची पावापुरी तिथेच आहेत. पोटासाठी झालेला प्रवास पाच पिढ्यांनंतर तीर्थसेवेला लागला, हे या घराण्याचे चिरस्थायी संचित होय.

हिरानंदांचा माग लागला तो घराण्याने वृत्तांत जपला म्हणून. अशी साधने इतर घरांतही असतात. जुन्या रोजमेळाच्या वह्या, हुंड्या, भाटांनी राखलेल्या वंशावळी आणि मंदिरांतील प्रतिमालेख ही ती साधने. प्रतिमालेखात संवत, प्रतिष्ठा करणारे आचार्य, दात्याचे नाव, गोत्र आणि पुष्कळदा वडिलांचे नाव व गावही कोरलेले असते. संवतातून ५७ वजा केले की साधारणपणे इसवी सन मिळतो. मोडी किंवा महाजनी लिपी वाचणारी वडीलधारी माणसे घरात आहेत, तोवर हे कागद वाचून त्यांची नक्कल उतरवून ठेवणे अगत्याचे आहे. वाळवीला गोत्र कळत नाही. लोटा-दोरीच्या कथेमागील माणूस पुढील पिढीला भेटावा, यासाठी सुवर्णमहोत्सवाहून अधिक समर्पक मुहूर्त कोणता असणार?