गोखिवऱ्यांतला 'र'

वसई रोड स्टेशनाच्या पूर्वेस आमचें गोखिवरे आहे. पाठीशीं तुंगारेश्वराच्या दऱ्या आणि पश्चिमेस वसईच्या किल्ल्यापलीकडे दर्या, असा या गांवाचा शेजार. दऱ्या आणि दर्या हे शब्द मीं मुद्दाम लागोपाठ योजले आहेत. कारण जें सांगावयाचें आहे तें पुष्कळसें त्या दोहोंतल्या 'र'च्या फरकांत आहे. आमच्या गांवाच्या नांवाला विभक्ति लागली कीं तोच अडणीचा 'र' पुढें येतो.

२००९ सालीं वसई-विरार महापालिका झाली, तींत गोखिवरेहि गेलें. आतां येथें आमच्यासारखीं दोन खोल्यांतलीं बिऱ्हाडें फार. माझ्या वडिलांचीं तीनेकशें पुस्तकें खोक्यांत भरून माळ्यावर चढविलेलीं; पावसाळ्यांत दमट हवा आणि बारा महिने कसर. दोन वर्षांमागें माझ्या मुलीनें आपल्या पहिल्या पगारांतून आजोबांसाठीं एक ई-बुक रीडर आणला. वडील निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या पुढें, मोतीबिंदू काढल्यावरहि बारीक टाइप लागत नाहीं. त्यांनीं पहिलें पुस्तक उघडलें, चार पानें वाचलीं आणि यंत्र खालीं ठेवून म्हणाले, "अगं, हें तुझें यंत्र अशुद्ध लिहितें." पाहतों तों लग्नघरांत 'आचाऱ्यास' बोलावलें होतें, आणि पडद्यावर आला होता 'आचार्यास'. भट्टीपुढें झारा घेऊन प्रत्यक्ष आचार्य उभे!

आम्ही हंसलों, पण ही तक्रार नवी नव्हे. ती चारशें वर्षांची आहे.

गोव्यांतले फादर स्टीफन्स यांनीं १६०८ सालीं आपल्या वरिष्ठांस पत्र लिहून देशी भाषेंत व देशी लिपींत पुस्तकें छापण्याची इच्छा कळविली होती. अडचणहि त्यांनीं त्यांतच सांगितली. युरोपांत चोवीस अक्षरांच्या ठशांवर काम भागतें. येथें एकेक अक्षर म्हणजे एकेक पूर्ण उच्चार, म्हणून सहाशें ठसे लागतील. ते सहाशें ठसे कांहीं घडले नाहींत. १६१६ सालीं राचोल येथें त्यांचें 'ख्रिस्तपुराण' छापून निघालें. जवळजवळ अकरा हजार ओव्या, भाषा अस्सल मराठी, आणि लिपि रोमन. त्या छापील आवृत्तीची प्रत आज कोणाच्या पाहण्यांत नाहीं. नागरी लिपींत हातानें उतरलेली एक प्रत मात्र लंडनला जपलेली आहे. यंत्रानें केलेलें गेलें आणि बोरूनें केलेलें राहिलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

पुढें १८०५ सालीं बंगालमधील श्रीरामपुरास केरीच्या मराठी व्याकरणांत नागरी खिळे दिसले, आणि त्याच सालीं मिरजेस तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापण्यांत आली. मुंबईंत गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं शिळाछापावर पंचांग काढलें. छापील कागदास शिवावें कीं नाहीं याचाच तेव्हां सोंवळ्या मंडळींस संशय होता. शाईंत चरबी असते असा बोभाटा. तेव्हां धर्मग्रंथांसाठीं तुपाची शाई करण्यांत आली, असें सांगतात. मला या तुपाचें मोठें कौतुक वाटतें. छापखानेवाल्यानें वाचकाशीं वाद घातला नाहीं. त्याची अडचण ओळखून शाई बदलली. तींच पुस्तकें पुष्कळदां सुट्या पानांच्या पोथीच्या आकारांतच निघत, कारण मांडी घालून पुढ्यांत पान ठेवण्याची संवय एका दिवसांत जात नाहीं. पडद्यावर वाचून डोळे जातील असें म्हणणारे आमचे शेजारी मला त्या सोंवळ्या वाचकांचेच वंशज वाटतात, आणि त्यांनाहि थोडें तूप दाखवावयास हवें.

निर्णयसागराच्या खिळ्यांनीं नागरीला देखणें रूप दिलें; पण खिळ्यांची संख्या कांहीं आटोक्यांत येईना. 'केसरी'साठीं ती कमी करण्याच्या खटपटींत लोकमान्य टिळकांनीं स्वतः लक्ष घातलें होतें. मग यंत्राच्या सोयीसाठीं लिपीनेंच वांकावें असा विचार निघाला. सावरकरांनीं 'अ'ची बाराखडी पुरस्कारिली आणि 'किर्लोस्कर' मासिकानें ती चालविली. 'अि', 'अु' अशा वळणाचे कांहीं अंक आमच्या माळ्यावर अजून आहेत. हेतु उत्तम होता. परंतु जी लिपि हात सहज लिहितो ती खिळ्याला झेपत नाहीं म्हणून बदलावयाची, हें मला तेव्हांच्या यंत्रांचें अपयश वाटतें, लिपीचें नव्हे.

याचें उत्तर १९९१ सालीं निघालें. युनिकोड या जागतिक कोष्टकांत देवनागरीला एकशें अठ्ठावीस घरें मिळालीं. सहाशें ठशांची आतां गरज उरली नाहीं. मूळ वर्ण तेवढे सांठवावयाचे आणि जोडाक्षर कसें दिसावें हें अक्षरसंचाच्या नियमांनीं ठरवावयाचें. त्या कोष्टकांत 'ऱ' असें निराळें घर आहे, त्यामुळें दऱ्या दऱ्याच राहतात. अर्थात् आमच्या आचाऱ्याचा आचार्य यंत्रानें केला नव्हता. मजकूर टंकणाऱ्यानें 'र' चुकीच्या घरांतला घेतला होता. हें समजल्यावर वडिलांचा यंत्रावरचा राग बराच उतरला व टंकणाऱ्यावर गेला.

कागदासारखा पडदा असलेला पहिला रीडर सोनीनें २००४ सालीं जपानांत विकावयास आणला; २००७ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंत किंडल आलें; आणि मराठी पुस्तकें त्या दुकानांत रीतसर मांडलीं गेलीं तीं २०१६ च्या डिसेंबरांत. या पडद्याची करामत साधी आहे. केंसाएवढ्या जाडीच्या असंख्य कुप्या, त्यांत पांढरे व काळे कण, दोहोंवर परस्परविरुद्ध विद्युत्. प्रवाह दिला कीं काळे वर येतात आणि अक्षर उमटतें. मग प्रवाह बंद केला तरी तें तसेंच राहतें. वीज लागते ती मुख्यतः पान उलटतांना. म्हणून वायरलेस बंद ठेवून दिवा मंद केला तर एकदां भरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते, हें आमच्या घरीं उशिरां कळलें. तो दिवाहि डोळ्यांवर रोखलेला नसतो. कडेनें पानावर पडतो. शेजाऱ्यांसाठीं माझें तूप हेंच.

अक्षर मोठें करण्याची सोय सर्वांस ठाऊक असते. ओळींमधील अंतर वाढविण्याची फार थोड्यांस. मराठींत मात्रा वर, उकार खालीं. ओळी दाट असल्या कीं वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेस भिडतो. वडिलांना अक्षर वाढवून जें साधलें नाहीं तें अंतर वाढवून साधलें. वाचतां वाचतां खूण केलेलीं वाक्यें एकत्र गोळा होतात, तीं महिन्यांतून एकदां वहींत उतरून घ्यावीं. आमच्या येथें तें काम मुलीकडे आहे. शब्दकोशाची उणीव मात्र जाणवते. इंग्रजी शब्दावर बोट ठेवलें कीं अर्थ येतो, मराठीवर आमच्या यंत्रांत कांहींच उमटत नाहीं. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' हे दोन्ही शिकागो विद्यापीठानें इंटरनेटवर शोधतां येतील असे ठेवले आहेत. शेजारीं फोन ठेवून ते उघडावे लागतात.

आणखी एक सावधगिरी. २००९ च्या जुलैंत अ‍ॅमेझॉननें ऑर्वेलच्या कादंबऱ्यांच्या प्रती वाचकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या; विकणाऱ्याला हक्क नव्हता असें कारण होतें. त्यांतली एक '१९८४' असावी हा योगायोग कोणा कादंबरीकारासहि सुचला नसता. कंपनीनें पुढें माफी मागितली. पण माळ्यावरचें खोकें असें रात्रींतून रिकामें होत नाहीं. ज्या पुस्तकाची स्वतंत्र प्रत ठेवण्याची मुभा आहे ती दुसरीकडे उतरून ठेवावी.

खरी अडचण वेगळीच निघाली. वडिलांना हवीं तीं पुस्तकें जुनीं. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षें लोटलीं कीं आपल्याकडे ग्रंथ सर्वांचा होतो. त्यामुळें हरिभाऊ आपटे, राजवाडे, केतकर यांचें लेखन कोणासहि मोकळें आहे. तें मिळतेंहि, पण बहुधा पानांच्या छायाचित्रांच्या रूपांत. छायाचित्रांतलें अक्षर मोठें होत नाहीं, सारें पानच मोठें होतें आणि ओळ पडद्याबाहेर जाते. यंत्र आडवें धरलें, समास कापले, तरी वडिलांना तें चाललें नाहीं. चारशें वर्षांनीं यंत्र मराठी अक्षर लिहावयास शिकलें, आणि आमचें उत्तम वाङ्मय त्याच्यापुढें अक्षर म्हणून नव्हे, चित्र म्हणून उभें आहे.

यावर मुलीनेंच तोड काढली. विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयांत जुन्या पुस्तकाच्या पानाचें चित्र एका बाजूस आणि यंत्रानें ओळखलेला मजकूर दुसऱ्या बाजूस ठेवलेला असतो. कोणीहि तो ताडून दुरुस्त करावा. मग दुसऱ्यानें पुन्हां तपासावा. ती टंकते, वडील चित्राचा मोठा छाप हातांत धरून मोठ्यानें वाचतात. रोज एक पान, रविवारीं दोन. परवां संध्याकाळीं मी कामावरून परतलों तेव्हां दोघांचा वाद चालू होता. छापील प्रतींतच 'दर्यांत' असें पडलें होतें, आणि प्रसंग डोंगरांतला. मूळाप्रमाणें ठेवावें असा तिथला नियम, असें मुलीचें म्हणणें. खिळे जुळविणाऱ्याची चूक आपण कां जपावी, असें वडिलांचें. जेवणें झालीं तरी तें पान तसेंच उघडें होतें.