प्रोस्टेट कर्करोग : कुत्र्यातील आणि माणसातील

प्रोस्टेट (पुरःस्थ) ग्रंथी बहुतेक सस्तन नरांमध्ये असते. तिचा कर्करोग आपोआप आणि दखल घेण्याइतक्या वेळा होतो, असा माणसाच्या घरातला प्राणी मात्र कुत्राच. प्रमाणात मोठा फरक आहे. 2022 मध्ये जगभरात सुमारे 14.7 लाख पुरुषांमध्ये या रोगाचे नव्याने निदान झाले. कुत्र्यांच्या शवविच्छेदनांत तो सामान्यतः 0.2 ते 0.6 टक्के आढळतो आणि निदानाच्या वेळी कुत्र्याचे वय सरासरी 10 वर्षांच्या आसपास असते. पुरुषांतील बऱ्याच गाठी वर्षानुवर्षे मंद वाढतात; कुत्र्यातील गाठ बहुधा आक्रमक असते आणि उशिरा कळते.

रचना : कुत्र्याची ग्रंथी दोन पाळ्यांची असून मूत्रमार्गाला चहूबाजूंनी वेढते. पुरुषाच्या ग्रंथीसारखे स्पष्ट विभाग तिच्यात नसतात. पुरुषांत बहुतेक कर्करोग बाहेरच्या, गुदाशयालगतच्या विभागात सुरू होतात. कुत्र्यात पुष्कळ गाठी नलिकांच्या किंवा मूत्रमार्गाच्या अस्तरातून निघतात, त्यामुळे मूत्राशयाच्या कर्करोगाशी त्यांची सीमारेषा आखणे अवघड जाते.

हगिन्स यांचे प्रयोग : शिकागो विद्यापीठातील शल्यविशारद चार्ल्स हगिन्स (1901–1997) यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस कुत्र्यांवर एक शस्त्रक्रिया बसवली. प्रोस्टेट मूत्राशयापासून वेगळी करायची, लघवीला पोटावरून वाट काढून द्यायची आणि ग्रंथीचा निर्भेळ स्राव नळीत गोळा करायचा. पायलोकार्पिन टोचले की स्राव सुटे आणि तो मोजता येई. एकाच कुत्र्याचा स्राव पुन्हापुन्हा मोजता येणे, हे या पद्धतीचे खरे बळ. वृषणे काढल्यावर स्राव आटला, टेस्टोस्टेरॉन दिल्यावर परत आला, इस्ट्रोजेनने पुन्हा घटला. वयामुळे ग्रंथी वाढलेल्या कुत्र्यांमध्ये ती आक्रसली. येथे एक गोष्ट नोंदवणे अत्यावश्यक आहे : ही वाढ साधी होती, कर्करोग नव्हे. हगिन्स यांनी निष्कर्ष कर्करोगी पुरुषांना लावून पाहिला. 1941 मध्ये क्लॅरेन्स हॉजेस यांच्यासह त्यांनी दाखवले, की हाडांत पसरलेल्या रोगात वृषणे काढली किंवा इस्ट्रोजेन दिले तर रक्तातील ॲसिड फॉस्फटेज (रोगाचा जोर दाखवणारे विकर) उतरते आणि पुंप्रेरक टोचले तर चढते. रुग्णांच्या वेदनाही कमी झाल्या. पसरलेल्या रोगावरील आजच्या उपचारांचा पाया हाच आहे. 1966 चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक हगिन्स यांना पेटन राउस यांच्याबरोबर विभागून मिळाले.

खच्चीकरण : ज्या प्राण्याने हा उपचार दिला, त्याच्या स्वतःच्या कर्करोगावर तो चालत नाही. कुत्र्यातील बहुतेक गाठींत पुंप्रेरकाचे ग्राही नसतात किंवा फार कमी असतात. खच्चीकरण झालेल्या कुत्र्यांत हा रोग अधिक आढळल्याचे अनेक पाहण्यांत दिसते. त्याचे कारण वादग्रस्त आहे. असे कुत्रे अधिक जगतात, हेही ध्यानात घ्यावे लागते. खच्चीकरणाने साधी वाढ टळते, कर्करोगापासून संरक्षण मिळत नाही, एवढे निश्चित. या दृष्टीने कुत्र्याचा रोग पुरुषांतील हॉर्मोन-उपचाराला दाद न देणाऱ्या अवस्थेच्या अधिक जवळचा आहे आणि त्याच्या अभ्यासाचे महत्त्वही तेथेच आहे.

लक्षणे व तपासणी : पुरुषात ग्रंथी वाढली की लघवीची धार अडते. कुत्र्यात ती बाहेरच्या बाजूस वाढून गुदाशयावर दाब देते, म्हणून कुंथणे आणि फितीसारखी चपटी विष्ठा ही लक्षणे आधी दिसू शकतात. पुढे रक्तमिश्रित लघवी, वजन घटणे, मागच्या पायांत अशक्तपणा येतो. गुदद्वारातून बोट घालून चाचपल्यास निरोगी ग्रंथी गुळगुळीत व समान लागते आणि मधली खाच जाणवते. कर्करोगात ती टणक, ओबडधोबड आणि दुखरी असते. खच्चीकरण झालेल्या कुत्र्याची ग्रंथी लहान असायला हवी. ती मोठी लागली, तर पशुवैद्यकाने सर्वांत आधी कर्करोगाचीच शंका घ्यावी. पुरुषांतील पीएसए या रक्तचाचणीला कुत्र्यात उपयुक्त प्रतिरूप नाही. आर्जिनिन एस्टरेज हे प्रथिन साध्या वाढीत चढते, कर्करोग ओळखायला कामाचे नाही.

प्रसार : दोघांतही लसिका गाठी, कमरेचे मणके व श्रोणीची हाडे. कुत्र्यात फुप्फुसेही वारंवार.

जनुके : 2015 मध्ये कुत्र्याच्या प्रोस्टेट व मूत्रमार्गाच्या कर्करोगांत बीरॅफ जनुकातील एक विशिष्ट बदल मोठ्या प्रमाणात सापडला. लघवीच्या नमुन्यात तो शोधता येतो, त्यामुळे सुई न टोचता निदानाला आधार मिळतो. माणसात हाच बदल मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात नेहमीचा, प्रोस्टेट कर्करोगात मात्र विरळा. उलट, पुरुषांच्या गाठींत वरचेवर दिसणारे टीएमपीआरएसएस2 व ईआरजी या जनुकांचे संमीलन कुत्र्यांत आढळलेले नाही.

सेलेनियम : सेलेनियम हे खनिज हा कर्करोग टाळू शकेल का, हे दोघांतही तपासले गेले. 2003 मध्ये 49 वृद्ध बीगल कुत्र्यांवरील अभ्यासात सेलेनियम दिल्यावर प्रोस्टेट पेशींतील डीएनएची हानी घटली. पुरुषांवरील मोठ्या चाचणीत (सिलेक्ट) सेलेनियमचा लाभ दिसला नाही आणि 2008 मध्ये पूरके देणे थांबवण्यात आले.

उपचार : कुत्र्यात पिरॉक्सिकॅमसारखी दाहशामके, केमोथेरपी, किरणोपचार, बरे होणे क्वचित.