मलासंयम, वार्धक्यातील

मल किंवा वायू योग्य वेळ व जागा मिळेपर्यंत रोखून धरण्याची शक्ती कमी होणे अथवा नष्ट होणे, या अवस्थेस मलासंयम म्हणतात. हा स्वतंत्र रोग नसून अनेक विकारांचे लक्षण आहे. तो कोणत्याही वयात आढळत असला, तरी साठीनंतर त्याचे प्रमाण वाढते. पाश्चात्त्य देशांतील शुश्रूषागृहांत राहणाऱ्या वृद्धांपैकी निम्म्यांच्या आसपास व्यक्तींना तो असतो. घरी राहणाऱ्यांमधील खरे प्रमाण ठरविणे अवघड जाते, कारण रुग्ण हे लक्षण वैद्यापासूनही लपवितो.

सुश्रुतसंहितेत गुदाची लांबी साडेचार अंगुळे सांगून त्याच्या प्रवाहणी, विसर्जनी व संवरणी अशा तीन वळ्या वर्णिल्या आहेत. पुढे ढकलणारी, बाहेर टाकणारी आणि मिटणारी, असा या नावांचा अर्थ आहे. मलत्यागाइतकेच मल रोखणे हेही शरीराचे एक कार्य आहे, ही जाणीव त्यांतून व्यक्त होते. गुद हे सद्यःप्राणहर मर्मांत गणले असल्यामुळे भगंदराच्या शस्त्रकर्मात त्यास जपण्यावर भर आहे.

वार्धक्यातील मलासंयमाचा पद्धतशीर विचार मात्र विसाव्या शतकातील आहे. मार्जरी वॉरेन (१८९७–१९६०) यांच्याकडे १९३५ मध्ये लंडनजवळील एका रुग्णालयाला जोडलेल्या अनाथगृहातील शेकडो वृद्ध रुग्ण आले. वर्षानुवर्षे अंथरुणास खिळलेले व मलमूत्रावर ताबा नसलेले म्हणून हे रुग्ण असाध्य मानले गेले होते. त्यांची एकेकाची तपासणी करून, त्यांना उठवून व चालते करून त्यांपैकी अनेकांना वॉरेन यांनी घरी पाठविले. जे. सी. ब्रॉकलहर्स्ट यांचा वृद्धांतील असंयमावरील ग्रंथ १९५१ मध्ये निघाला. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील ॲलन पार्क्स (१९२०–८२) व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये असे दाखविले की, ज्या रुग्णांत कोणतेही कारण सापडत नसे, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या श्रोणितलाच्या स्नायूंना जाणाऱ्या तंत्रिका क्षीण झालेल्या असतात. पुढे श्राव्यातीत तरंगांनी गुदद्वाराची तपासणी करता येऊ लागली. अशा तपासणीवरून १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिलटकरणींपैकी ३५ टक्के स्त्रियांच्या परिसंकोची स्नायूंत प्रसूतीनंतर इजा आढळली. तिची लक्षणे मात्र त्यांतील थोड्यांनाच जाणवत होती. तरुणपणी इतर स्नायू ही उणीव भरून काढतात. ऋतुनिवृत्तीनंतर ऊतके शिथिल झाली की, तीस-चाळीस वर्षांपूर्वीची इजा प्रकट होते.

विदर्भातील बुलढाणा–मलकापूर रस्त्यावर वसलेल्या मोताळ्यासारख्या तालुक्याच्या दृष्टीने हा शोध महत्त्वाचा आहे. १९९२–९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणापर्यंत महाराष्ट्रातील निम्म्याहून कमी बाळंतपणे रुग्णालयांत होत होती आणि ग्रामीण भागात हे प्रमाण त्याहूनही कमी होते. आज सत्तरी ओलांडलेल्या तेथील बहुतेक स्त्रियांची बाळंतपणे घरीच, सुईणीच्या हातून झाली, असे समजण्यास हरकत नाही. अशा वेळी फाटलेला भाग टाके न घालता आपोआप भरून येऊ दिला जाई. तथापि घरची प्रसूती म्हणजेच धोका, असे समीकरण मांडणे योग्य नाही. चिमटा लावून केलेल्या प्रसूतीत परिसंकोची स्नायूस इजा होण्याचा संभव अधिक असतो.

इतर धोकाकारकांत जुनाट अतिसार व शौचाची अनावर घाई ही सर्वांत प्रबळ होत. मधुमेह, पक्षाघात, मनोभ्रंश, कंपवात, स्थूलता, गुदभ्रंश, मूळव्याध वा भगंदरावरील पूर्वीची शस्त्रक्रिया आणि श्रोणीवरील किरणोपचार यांचाही त्यांत समावेश होतो. बद्धकोष्ठ हे कारण वरकरणी विपरीत वाटते. गुदांत्रात खडा अडकून बसतो आणि त्याच्या कडेने पातळ मल झिरपतो. घरचे लोक त्यास जुलाब समजून मल बांधणारे औषध देतात व अवस्था बिघडते. ही चूक इतकी नेहमीची आहे की, अंथरुणावरील वृद्धास ‘जुलाब’ होत असल्यास प्रथम बोटाने गुदांत्र तपासावे, हा नियमच मानला पाहिजे. दात गेल्यामुळे ज्वारीची भाकरी सुटून केवळ मऊ भातावर आलेल्या म्हाताऱ्यांत बद्धकोष्ठ वाढते. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीत (२०१८) सर्वाधिक तंतुमय आहार घेणाऱ्या वृद्ध स्त्रियांत मलासंयमाचा धोका सु. १८ टक्क्यांनी कमी आढळला.

परिसंकोची स्नायू शाबूत असूनही असंयम घडू शकतो. मराठीत शौचास जाण्याला ‘परसाकडे जाणे’ म्हणतात आणि परस हे घराच्या मागच्या टोकाला असते. गुडघे दुखणाऱ्या, दृष्टी अधू झालेल्या वृद्धास रात्री तेवढे अंतर वेळेत चालवत नाही. संत गाडगेबाबांच्या नावाने २०००–०१ पासून राबविलेले ग्रामस्वच्छता अभियान व २०१४ पासूनचे स्वच्छ भारत अभियान यांमुळे खेड्यांत शौचालये पुष्कळ झाली. परंतु त्यांतील बहुतेक उकिडवे बसण्याची असून आधाराची दांडी क्वचितच आढळते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७–१८ मध्ये देशभरातील ४५ वर्षांवरील सु. ७२ हजार व्यक्तींच्या केलेल्या पाहणीत दैनंदिन क्रियांपैकी शौचालयाचा वापर ही क्रिया मोजली आहे.

उपचार कारणानुसार ठरतात. मलाचा घट्टपणा सुधारणे, चालू औषधे तपासणे, श्रोणितलाचे व्यायाम आणि सकाळी खाल्ल्यानंतर ठरावीक वेळी शौचास बसविणे, एवढ्यानेही अनेकांना आराम पडतो. अन्न पोटात जाताच बृहदांत्राची हालचाल वाढते, या नैसर्गिक क्रियेचा त्यात उपयोग होतो. फाटलेल्या स्नायूंची शस्त्रक्रिया तसेच १९९५ पासून ज्ञात असलेले त्रिकास्थी तंत्रिकेचे विद्युत् उद्दीपन हे उपाय मोठ्या शहरांतच उपलब्ध आहेत. ‘म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण’ या समजुतीमुळे मात्र रुग्ण साध्या तपासणीपर्यंतही पोहोचत नाही. तो कीर्तनाला, लग्नकार्याला व एस. टी. प्रवासाला जाणे टाळू लागतो, आणि घरातील माणसांना त्याचे कारण बहुधा ठाऊक नसते.