भिंतीवरून टक लावून बघणारा तो कोळी कोण? ओळख कोळ्यांच्या सर्वांत मोठ्या कुळाची

घराच्या भिंतीवर माशीच्या मागावर निघालेला, नखाएवढा केसाळ कोळी तुम्ही नक्की पाहिला असेल. आपण जवळ गेलो की तो गर्रकन वळतो आणि थेट आपल्याकडे बघतो. हा 'जंपिंग स्पायडर', म्हणजेच उडी मारणारा कोळी.

त्याच्या कुळाचं शास्त्रीय नाव साल्टिसिडी. जगात आजवर कोळ्यांच्या ५० हजारांहून जास्त प्रजातींची नोंद झाली आहे. त्यातल्या ६ हजारांहून जास्त या एकाच कुळातल्या आहेत. २०२२ मध्ये जागतिक यादीत नोंदवलेली ५० हजारावी प्रजातीही याच कुळातली निघाली. दक्षिण अमेरिकेतल्या त्या कोळ्याचं नाव गुरियुरियस मिनुआनो.

हे कोळी ओळखायचे कसे?

सर्वांत सोपी खूण म्हणजे डोळे. एकूण आठ, त्यातले चार समोर, आणि त्यातही मधले दोन मोटारीच्या हेडलाइटसारखे मोठे. हे दोन डोळे बारकावे टिपतात, बाकीचे आजूबाजूची हालचाल पकडतात.

हे कोळी शिकारीसाठी जाळं विणत नाहीत. दबा धरतात आणि झेप घेतात. पायांत शरीरद्रवाचा दाब एकदम वाढवून ते उडी मारतात. उडीआधी रेशमाचा धागा चिकटवून ठेवतात, म्हणजे नेम चुकला तरी लटकून राहता येतं.

वर्गीकरण कसं झालं?

१८४१ मध्ये जॉन ब्लॅकवॉल यांनी या कुळाला नाव दिलं. पण आतली विभागणी दीर्घकाळ किचकट राहिली. कारण रंगावर भरवसा ठेवता येत नाही. अनेक प्रजातींत नर आणि मादी इतके वेगळे दिसतात की ते दोन वेगळे कोळी वाटावेत. म्हणून अभ्यासक सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांची रचना तपासतात. आता जोडीला डीएनएही आहे.

२०१५ मध्ये वेन मॅडिसन यांनी या कुळाची सात उपकुळांत मांडणी केली. त्यातल्या साल्टिसिनी या एकाच उपकुळात बहुतेक सगळ्या प्रजाती येतात.

एकाच कुळात किती तऱ्हा!

पोर्शिया हा कोळी इतर कोळ्यांच्या जाळ्यावर जाऊन धागे हलवतो, आणि सावज सापडलं असं समजून मालक आला की त्यालाच खातो. मध्य अमेरिकेतला बघीरा किपलिंगी जवळजवळ शाकाहारी आहे, बाभळीच्या जातीच्या झाडांची पानटोकं खाऊन जगतो. ऑस्ट्रेलियातला मोर-कोळी मादीपुढे रंगीत पाठ उभारून नाचतो. भारतात पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्यांसारखा हुबेहूब दिसणारा कोळीही आहे. हिमालयात तर ६ हजार मीटरच्याही वर हे कोळी सापडले आहेत.

महाराष्ट्राशी नातं

२०२१ मध्ये ठाणे परिसरात सापडलेल्या एका नव्या प्रजातीला आयसियस तुकारामी हे नाव देण्यात आलं. २६/११ च्या हल्ल्यात कसाबला जिवंत पकडताना शहीद झालेले मुंबई पोलीस दलातले तुकाराम ओंबळे यांच्या सन्मानार्थ.

म्हणजे नवी प्रजाती सापडायला घनदाट जंगलच लागतं असं नाही, शहराच्या कडेची झाडं-झुडपंही पुरतात. पण तीच जागा बांधकामासाठी सर्वांत आधी साफ होते. ज्या जिवाला अजून नावच मिळालेलं नाही, तो संपला तरी कुठल्याच यादीत त्याची नोंद होत नाही. वर्गीकरण महत्त्वाचं ठरतं ते इथेच.

घरात दिसला तर?

घाबरू नका. हे कोळी माणसाच्या अंगावर चालून येत नाहीत आणि त्यांचं विष माणसाला धोकादायक मानलं जात नाही. छतावरची जळमटंही त्यांची नसतात, ती करणारे कोळी दुसऱ्या कुळातले. हे मात्र माश्या-डास फस्त करतात. त्यामुळे झाडू उचलण्याआधी एकदा त्याच्या डोळ्यांकडे बघा. तो आधीपासूनच तुमच्याकडे बघत असेल.