उशिराचा दोष अंदाजावर नको

सॉफ्टवेअरचे काम मुदतीत का संपत नाही, याचे एक प्रतिष्ठित उत्तर आहे: माणूस आशावादी असतो, म्हणून त्याचा अंदाज तोकडा पडतो. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये हा दोष मांडला, आणि दिलेल्या मुदतीची दुप्पट करणे हा त्यावरचा उपाय ठरून गेला. मला हे उत्तर अपुरे वाटते.

रोह्याचा शेतकरी लावणीला किती माणसे, किती दिवस लागतील ते नेमके सांगतो, कारण ते काम तो दरवर्षी करतो. सॉफ्टवेअरमध्ये मात्र एकदा झालेल्या कामाची नुसती प्रत काढता येते. नव्याने करायला उरते ते आधी कोणी न केलेलेच. त्याची दुप्पट कशाच्या आधारे करायची?

सातबाऱ्याचे संगणकीकरण पाहा. वरवर ते हस्तलिखित उतारे टंकून घेण्याचे काम. पण जुन्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्याच्या जमिनीवर खोतीचा, म्हणजे मध्यस्थ खोतामार्फत होणाऱ्या सारावसुलीचा थर आहे, त्यावर १९४८चा कुळकायदा, १९४९चे खोती निर्मूलन, आणि रोह्याजवळच्या धाटावसारख्या गावी पुढे औद्योगिक वसाहतीसाठी झालेले भूसंपादन. आण्या-पैचे हिस्से, इतर हक्कांतल्या जुन्या नोंदी तलाठ्याच्या दप्तरात पिढ्यान्पिढ्या निभावल्या. संगणक मात्र खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या क्षेत्राशी जुळवून मागतो. ती जुळेना, तेव्हाच विसंगती उघड झाली.

यावर आक्षेप येईल: आधी नीट अभ्यास का केला नाही? २०१७च्या चावडी वाचनात संगणकीकृत उतारे गावासमोर वाचून चुका शोधल्या गेल्या. पण वाचायला आधी तो उतारा तयार असावा लागला. चुका दाखवणारे साधन म्हणजे ते अर्धवट सॉफ्टवेअरच होते! अभ्यास आधी आणि बांधणी नंतर, ही वाटणी इथे टिकत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांना मिळू लागला तो १ मे २०१८पासून. मधल्या काळाला दिरंगाई म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

सापडलेली चूक प्रोग्रामर दुरुस्त करू शकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५खाली लेखनप्रमाद सुधारायला महसूल अधिकाऱ्याचा आदेश लागतो, त्याआधी संबंधितांना नोटीस. त्या नोटिशीचे दिवसही सॉफ्टवेअरच्याच वेळापत्रकात धरायला हवेत.