ऋण, कुटुंब आणि कंपनी : दादासाहेब फाळके यांच्या चरित्राचा आर्थिक पाठ

दादासाहेब फाळके यांचे चरित्र मराठीत प्रायः दोन साच्यांत सांगितले जाते. पहिल्यात ते ध्येयाने झपाटलेले आद्य प्रवर्तक असतात, दुसऱ्यात व्यवहारशून्य कलावंत. परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) या चित्रपटाने पहिला साचा लोकप्रिय केला. उत्तरायुष्याची हळहळ व्यक्त करणारे लेखन दुसऱ्याचा आश्रय घेते. दोन्ही साच्यांत पैसा हा कलेच्या वाटेतील बाह्य अडथळा ठरतो. वस्तुतः फाळके यांच्या बाबतीत भांडवलाचा उगम आणि निर्मितीची पद्धती यांचे नाते इतके निकटचे होते की, भांडवलाचे स्वरूप बदलताच ती पद्धतीच कोलमडली.

१८७० साली त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या फाळके यांनी मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिक्षण घेतले. छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील नोकरी आणि त्यानंतर भागीदारीतील छापखाना असा त्यांचा प्रवास झाला. भागीदारांशी न पटल्यामुळे त्यांनी छापखाना सोडला. पुढे चित्रपटव्यवसायात जे घडले त्याची ही पूर्वखूण होती.

येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहून चित्रपटनिर्मितीचा संकल्प केल्यावर भांडवलासाठी ते प्रथम वळले ते घराकडे. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून त्यांनी १९१२ साली लंडन गाठले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन ते परतले. कुंडीतील रोपाची वाढ टिपणारा लघुपट दाखवून त्यांनी सावकाराचा विश्वास संपादन केला. तरी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच. परंतु दागिने हा सरस्वतीबाईंच्या गुंतवणुकीचा केवळ दृश्य भाग होय. फिल्मच्या कडांना छिद्रे पाडणे, रसायने तयार करणे, चित्रणाच्या वेळी पांढरी चादर धरून उजेड परावर्तित करणे आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाक ही त्यांची कामे होती. या श्रमांची नोंद कोणत्याही खतावणीत होणे शक्य नव्हते. दादरच्या घरातील आणि १९१३ नंतर नाशिकमधील हा उद्योग एकत्र कुटुंबाच्या तत्त्वावर चालला. फाळके त्याचे मालक कमी आणि कर्ते अधिक होते.

या पार्श्वभूमीवर 'राजा हरिश्चंद्र'ची (१९१३) निवड अर्थपूर्ण ठरते. हरिश्चंद्राची कथा सत्यनिष्ठेची म्हणून सांगितली जात असली, तरी तिचे कथानक चालते ते ऋणावर. विश्वामित्राची दक्षिणा फेडण्यासाठी राजा पत्नीला आणि पुत्राला विकतो. चित्रपटात रोहिदासाची भूमिका फाळके यांचा मुलगा भालचंद्र याने केली. तारामतीसाठी स्त्री नट न मिळाल्याने उपाहारगृहात काम करणारे साळुंके पुढे आले. 'कालिया मर्दन'मध्ये (१९१९) मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. निर्मात्याने हे साम्य जाणीवपूर्वक योजले असे म्हणण्याचे कारण नाही. तथापि ऋणाची कथा सांगणारा चित्रपट ऋणावर उभा राहावा आणि दोहोंचाही भार कुटुंबाने वाहावा, हा योगायोग समीक्षकाने दृष्टिआड करू नये.

'लंकादहन'च्या (१९१७) यशानंतर परिस्थिती पालटली. नाण्यांनी भरलेल्या थैल्या बैलगाडीतून नेल्याची आख्यायिका याच चित्रपटाविषयी सांगितली जाते. घरगुती भांडवल आता अपुरे होते. लोकमान्य टिळकांसारख्यांनी मर्यादित कंपनी स्थापण्याच्या कल्पनेला पाठबळ दिले, पण ती योजना सिद्धीस गेली नाही. याच सुमारास, १९१७-१८ मध्ये, फाळके यांनी 'नवयुग' मासिकात आपल्या उद्योगाची हकीकत लिहिली. प्रथमदर्शनाचा साक्षात्कार, जागरणे, दृष्टीवर झालेला परिणाम आणि पत्नीचा त्याग ही आज सर्वपरिचित असलेली सामग्री मुख्यतः या लेखांतून आली आहे. चरित्रकारांनी ती आत्मकथन म्हणून वाचली. परंतु ज्या काळात लेखक भांडवलदारांच्या शोधात होता, त्याच काळातील हे लेखन आहे. त्यात सोसलेले कष्ट हेच तारण म्हणून वाचकापुढे ठेवले आहे आणि स्वदेशीच्या परिभाषेने त्या तारणाला सार्वजनिक मोल दिले आहे. त्यामुळे या लेखांची प्रामाणिकता उणावत नाही. मात्र त्यांचा वाङ्मयप्रकार बदलतो. ते स्मरण आहे तसेच आवाहनही आहे.

१९१८ च्या आरंभी वामन श्रीधर आपटे आदी भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. भागीदारांना अंदाजपत्रक आणि वेळापत्रक हवे होते. कर्त्याच्या अधिकाराने खर्च ठरविण्याची सवय असलेल्या फाळके यांना तो हस्तक्षेप वाटला. येथे कलावंत विरुद्ध धनिक अशी सोपी विभागणी करणे अन्यायाचे होईल. पैसे गुंतविणाऱ्याने हिशेब मागणे गैर नव्हते. फाळके यांच्याकडे त्या हिशेबाची भाषाच नव्हती. ते कंपनी सोडून काशीला गेले आणि तेथे 'रंगभूमी' हे नाटक त्यांनी लिहिले. पुढे ते परतले, परंतु आता ते वेतन घेणारे तंत्रज्ञ होते.

मूकपट म्हणून तयार झालेल्या 'सेतुबंधन'ला बोलपटांच्या युगात मागाहून ध्वनी जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. १९३९ साली भारतीय चित्रपटाच्या रौप्यमहोत्सवात त्यांच्यासाठी निधी जमवावा लागला. ज्या व्यवसायाचा पाया त्यांनी घातला, त्यात त्यांच्या मालकीचे काही उरले नव्हते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

पुराणकथेत सत्त्वपरीक्षा संपल्यावर हरिश्चंद्राला राज्य परत मिळते. १९६९ पासून फाळके यांच्या नावे दिला जाणारा राष्ट्रीय पुरस्कार तशाच पुनःप्राप्तीचे समाधान देतो आणि चरित्रकथा तेथे सुखान्त होते. हे समाधान स्वीकारण्यापूर्वी एक प्रश्न मात्र विचारणे आवश्यक आहे. सरस्वतीबाईंच्या श्रमांचे ऋण या कथेत कोणाच्या नावावर मांडले गेले? भारतीय चित्रपटाच्या आर्थिक इतिहासाचा आरंभ तेथून करावा लागेल.